अत्तराखालचा वास

मित्रांनो, बोलावे की गप्प राहावे हे मला फार दिवस ठरवता येत नव्हते. सांगण्यासारखे माझ्याकडे फारसे नाही आणि जे आहे ते नीट सांगता येईल अशी खात्रीही नाही. तरी प्रयत्न करते. मी एक जुनी, छोटी व्हॅन आहे. नावड्याच्या एका सोसायटीत, जिन्याशेजारच्या खांबापाशी मी उभी असते. माझा रंग पांढरा आहे, निदान कागदोपत्री तरी. आणि माझा स्वभाव भित्रा आहे. गाड्या घाबरत नाहीत असे तुम्हाला वाटत असेल. कधी चढावर थांबलेल्या जुन्या गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून पाहा. ती थरथरत असते.

कारखान्यात माझे भाग जोडले जात होते तेव्हाचे मला थोडेच आठवते. पुढच्या गाडीला चाके लागली, मग काचा लागल्या, मग ती दाराबाहेर गेली आणि दिसेनाशी झाली. दाराबाहेर काय आहे हे कोणी सांगितले नव्हते. माझी पहिली भीती ती.

दाराबाहेर मला भेटला मारोती, माझा पहिला मालक. तो वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून कोथिंबीर आणि मेथी उचलून दुकानांना पोचवत असे. त्याने माझी मागची सीट काढून टाकली आणि तिथे ओल्या जुड्या रचल्या. माझ्या तळाला कायमची ओल आली, पण मी खूश होते. “दिसायला एवढीशी, पण ओढते बघ कशी,” असे तो हमालांना सांगे. माझे कौतुक झाले ते तेवढेच, आणि मी ते जपून ठेवले आहे.

पुढे मारोतीने टेंपो घेतला. मला कांद्याच्या गाळ्यांमागे उभी केली आणि तो मला विसरला. टायर बसले. पावसाळे गेले. एक भंगारवाला अधूनमधून येई, माझ्या दाराला बोट लावून टकटक करी, कान देऊन ऐके आणि निघून जाई. डॉक्टरही असेच छातीवर बोट वाजवून बघतात म्हणे. पण डॉक्टरांना माणूस वाचावा असे वाटत असते. ह्याला काय वाटत होते ते मला कळत होते. त्याची पावले ऐकली की उरलासुरला वंगणाचा थेंबही गोठल्यासारखा वाटे.

म्हणून एका दुपारी कोणीतरी माझे मागचे दार उघडले तेव्हा मी डोळे मिटून घेतले असते, मला डोळे असते तर. पण ते नंदकिशोर होते, माझे पुढचे मालक. त्यांच्या हातात मोजपट्टी होती. त्यांनी माझ्या छताची उंची मोजली, दाराची रुंदी मोजली, आणि मागे वळून म्हणाले, “ऋता, मावशील गं.”

ऋता म्हणजे त्यांची मुलगी. ती चाकांच्या खुर्चीत बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

“बाबा, ही चालते का, की हिलाही खुर्ची लागेल?”

मला लाज वाटली. पण ती हसली होती, आणि त्या हसण्यात टोचणारे काही नव्हते.

ऋताचे काम मला हळूहळू कळले. रबाळ्याच्या एका कंपनीत यंत्रांच्या भागांची चित्रे काढण्याची नोकरी तिला लागली होती. याआधीची एक नोकरी तिने सोडली होती, कारण रोज रिक्षात बसताना आणि उतरताना कोणाला तरी तिला उचलून ठेवावे लागे. कधी वडील, कधी रिक्षावाला, कधी रस्त्यावरचा कोणीही. कोणी उचललेले तिला आवडत नसे. “मी पोतं नाही,” असे ती एकदाच म्हणाली होती, आणि नंदकिशोरांनी ते मनात धरले होते. त्यांचे स्वतःचे ऑफिसही रबाळ्याच्याच बाजूला होते. खुर्चीसकट आत जाता येईल अशी गाडी मिळाली, तर दोघे रोज बरोबर जातील असा त्यांचा बेत होता. दसऱ्यानंतरच्या सोमवारी ऋताला कामावर रुजू व्हायचे होते.

मला रबाळ्याच्या नामदेव मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये नेले. तिथे माझी जी कापाकापी झाली ती आठवली की अजून माझे दरवाजे खडखडतात. त्यांनी माझी सीएनजी गॅसची टाकी आधीच सोडवून लांब ठेवली. मग ग्राइंडर सुरू झाला. मागच्या तळाचा कुजलेला पत्रा कापून काढला तेव्हा माझ्या पोटातून खालची जमीन दिसू लागली. आपण आता संपलो असे मला वाटले. पण त्या भोकावर जाड नवा पत्रा आला. मागच्या दाराशी घडीचा उतार बसला, म्हणजे खुर्ची ढकलत वर नेता येईल. तळाला कड्या आल्या, खुर्चीची चाके पट्ट्यांनी आवळण्यासाठी. टाकी पुन्हा बसवली, पण आता चालकाच्या सीटमागे आडवी.

पट्ट्यांच्या खटक्याने नामदेवांना फार छळले. तो नवा होता आणि घट्ट होता.

“चांगलं आहे घट्ट आहे ते,” नंदकिशोर म्हणाले. “सुटायला नको.”

“सुटायला नको, पण सोडायला तरी पाहिजे ना साहेब,” नामदेव म्हणाले. “चार दिवस वापरात आला की सैल होईल.”

हे बोलणे दसऱ्याच्या आदल्या दिवशीचे. गॅरेज आवरायला घेतले होते. हत्यारे धुऊन फळीवर मांडली होती, कारण दुसऱ्या दिवशी त्यांची पूजा. नंदकिशोर किल्ली घ्यायला आले होते.

“आज नका नेऊ,” नामदेव म्हणाले. “टाकी हलवलीय. गॅसवाला येईल, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बघेल, मग न्या. तो परवा येतोय.”

“अहो, उद्या दसरा. आमच्या हिने हार सांगून ठेवलेत. दसऱ्याला गाडी दारात नको का?”

“मी बोललो ते बोललो.”

“परवा सकाळी मीच आणतो परत. इथून तिथे तर जायचंय.”

नामदेवांनी फडक्याने हात पुसले, स्वच्छच असलेले.

मित्रांनो, नंदकिशोर निष्काळजी नव्हते. उलट, मुलीची खुर्ची हलू नये म्हणून त्यांनी प्रत्येक कडी स्वतः ओढून पाहिली होती. पण दसऱ्याचा दिवस हातचा जाऊ द्यायचा नाही, हे त्यांच्या मनात इतके पक्के होते की साबणाचे पाणी त्यापुढे क्षुल्लक वाटले.

शिळफाट्याच्या खड्ड्यांवर मला ते पहिल्यांदा जाणवले. सीटमागच्या सांध्यातून काहीतरी निसटत होते. अगदी बारीक, सुईच्या टोकाएवढे. गॅसला वास असतो, तो मुद्दाम घातलेला असतो, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. मला बोलता येत नाही. माझ्याकडे खडखड आहे, थरथर आहे आणि वास आहे. मी होते नव्हते तेवढे बळ लावून वास दिला.

सोसायटीत पोचल्यावर ऋताची आई चारुलता खाली आल्या. त्यांनी दार उघडून आत डोकावले आणि नाकाला पदर लावला.

“शी, काय वास मारतेय ही.”

मला केवढा धीर आला म्हणून सांगू.

“जुनी आहे ना,” नंदकिशोर म्हणाले. “भाजीच्या धंद्यात होती. त्यात नवा रंग, वंगण. जाईल हळूहळू.”

“उद्या सगळे बघायला येणार आणि हा वास?” चारुलता वर गेल्या आणि परत आल्या त्या अत्तराची लहानशी लोंबती बाटली घेऊन. मोगऱ्याचे अत्तर होते. त्यांनी ती मागे, ऋताची खुर्ची येणार होती तिथे, छताच्या कडीला बांधली. एक सुटा गजराही आरशाला अडकवला. मग चोरी होऊ नये म्हणून सगळ्या काचा नीट वर केल्या, दार लावले आणि प्रेमाने पत्र्यावरून हात फिरवला.

आणि मी मुकी झाले.

माझा हा गॅस हवेपेक्षा हलका असतो. तो वर चढतो आणि छताशी साचतो. ती रात्र मी मोगऱ्याच्या घमघमाटाखाली, स्वतःचे छत स्वतःच भरताना ऐकत काढली. भंगारवाल्याची भीती माझ्यापुरती होती. ही भीती ऋताची होती.

सकाळी गावातल्या भागीरथी मावशी झेंडूचे हार घेऊन आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि कमरेवर हात ठेवला.

“नंदूभाऊ, ही गाडी हाय का पेटारा?”

“मावशी, आतून बघा. नवी केलीय.”

“आतून कोन बघतंय? हार मोठा आनलाय, निम्मी त्याच्यात झाकंल.”

सगळे हसले. हार घातले गेले. चाकांखाली लिंबे ठेवली. नंदकिशोरांनी मागचे दार उघडले, उतार खाली सोडला, आणि ऋता स्वतःच्या हातांनी चाके फिरवत वर आली. कोणी उचलले नाही. नंदकिशोरांनी पट्ट्या आवळल्या, खटका दाबला आणि पुढे जाऊन किल्ली हातात घेतली. लिंबांवरून चाके न्यायची होती. पण आधी ओवाळायचे होते. चारुलता तबक घेऊन जिन्यातून उतरत होत्या. त्यात निरांजन तेवत होते आणि कापराची वडी पेटवायला तयार होती. मुलीला आणि गाडीला एकदमच ओवाळायचे, असे त्यांनी ठरवले होते.

मित्रांनो, मला चाके आहेत. पण मला स्वतःहून एक बोटभरही मागे सरकता आले नाही.

ऋताच्या डोक्यावरच ती बाटली लोंबत होती. तिने तोंड वाकडे केले.

“आई, हे काय लावलंयस? डोकं दुखतंय माझं.”

“राहू दे गं आजचा दिवस.”

ऋताने हात वर केला, बाटलीची दोरी सोडली आणि ती खाली, मागच्या दारातून भागीरथी मावशींच्या हातात दिली. “घ्या मावशी, तुम्हाला.”

मग तिने मान वर करून छताकडे पाहिले. एकदा श्वास घेतला. पुन्हा घेतला.

“बाबा, किल्ली फिरवू नका.”

“का गं?”

“गॅस आहे इथे. खूप आहे.”

“अगं, जुन्या गाडीला थोडा…”

“बाबा. किल्ली काढा आणि हातात ठेवा.”

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच नंदकिशोरांचा हात थांबला. पण चारुलता तोवर उतारापाशी आल्या होत्या. ज्योत वाऱ्याने माझ्याकडे झुकत होती.

“आई, तिथेच थांब.”

“ओवाळताना थांबवू नये गं.”

“विझव ते,” नंदकिशोर ओरडले.

चारुलतांनी तबक छातीशी धरले. पण त्या हलल्या नाहीत. दसऱ्याच्या दिवशी, मुलीच्या आणि नव्या गाडीच्या पुढ्यात, निरांजन फुंकायचे? त्यांच्या हातून ते होणार नव्हते. नंदकिशोर पुढून उतरून मागे धावले तशा त्या ज्योत वाचवायला वळल्या आणि माझ्या आणखी जवळ आल्या. त्या क्षणी मला वाटले, संपले.

“आई,” ऋता हळू म्हणाली, “विझवू नकोस. वर घेऊन जा आणि देवापुढे ठेव. मी येते, मग ओवाळ.”

चारुलतांनी तिच्याकडे पाहिले. मग ज्योतीला आडवा हात धरून त्या वळल्या आणि जिना चढू लागल्या. पायरीगणिक उजेड लांब गेला. मी तो मोजत नव्हते, फक्त जाताना पाहत होते.

मग नंदकिशोरांनी काचा खाली केल्या आणि टाकीचा नळ बंद केला. पण खटका सुटेना. नंदकिशोरांची बोटे घामाने घसरत होती. ऋता दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून बसली होती. भागीरथी मावशी हारांची टोपली टाकून उतारावरून वर आल्या.

“सर बाजूला. तू पट्टा ढिला धर, मी दाबते.”

खटका कट्‌कन सुटला. मावशींनी खुर्ची उताराला लावली आणि तिथेच हात काढून घेतला. “जा, तुजी तू जा,” त्या म्हणाल्या. ऋता स्वतःच चाके धरत खाली उतरली.

मला ढकलत मोकळ्या मैदानात नेऊन ठेवले. सगळी दारे उघडी टाकली. गळ्यात झेंडूचे हार घालून मी दिवसभर वाऱ्यात उभी होते.

दुसऱ्या दिवशी नामदेव गॅसवाल्याला घेऊन स्वतःच नावड्याला आले. टाकीचा नळ पुन्हा उघडून सांध्याला साबणाचे पाणी लावताच तिथे बुडबुड्यांचा फुगा आला. नंदकिशोर तो फुगा बराच वेळ बघत उभे राहिले. नट आवळला, पुन्हा पाणी लावले. फुगा आला नाही.

“साहेब, दसरा पुढच्या वर्षीपण येतो,” नामदेव म्हणाले. एवढेच.

सोमवारी ऋता रबाळ्याला गेली आणि तेव्हापासून रोज जाते. तो खटका आता सैल झाला आहे, तिचा तिला सोडता येतो. मी मात्र सुधारले नाही. खड्डा आला की पोटातले सगळे सांधे मी एकेक करून चाचपते. रात्री काचा वर झाल्या की अजून घाबरते.

मित्रांनो, मोठा उपदेश करण्याची माझी पात्रता नाही. एवढेच मागते. तुमच्या घरात जुनी गाडी असेल, पंखा असेल, शेगडी असेल, आणि एखाद्या दिवशी तिला नवा आवाज किंवा नवा वास आला, तर तो झाकू नका. आमच्याकडे दुसरी भाषा नाही.

ऋताला ते कळले आहे. रोज सकाळी मागचे दार उघडले की ती लगेच वर येत नाही. उताराच्या तळाशी थांबते, मान पुढे करते आणि एक लांब श्वास घेते. चारुलता जिन्यातून विचारतात, “काय गं?”

“काही नाही,” ती म्हणते. “हिला विचारते.”

मी दिवसातला तेवढाच एक श्वासभर घाबरत नाही.