बोटं हलवायची तालीम

टणकन झाकण पडलं आणि बेशुद्धीचं सोंग घेऊन पालथी पडलेली कार्मेन खुदकन हसली. झाकण माझ्याच हातून पडलं होतं. आमच्या मरोळच्या घरात भांडं पडलं की बघायला कुणी उठत नाही. यव्होन, म्हणजे मी, स्वयंपाकघरात आहे, एवढं कळतं.

मी पलंगाशी आले आणि तिला पुन्हा डोळे मिटायला लावले. ही तालीम डॉक्टरांनीच सांगितली होती. येत्या मंगळवारी माझ्या दहा वर्षांच्या लेकीच्या वाकड्या मणक्याचं ऑपरेशन. मणका सरळ करताना पायांकडे जाणाऱ्या नसांवर एक मशीन लक्ष ठेवतं. पण हिच्या नसा मुळातच इतक्या मंद, की मशीनला काही सापडेलच असं नाही. मग मध्येच तिला जरासं जागं करून पायांची बोटं हलवायला सांगणार. दुखणार नाही, म्हणाले. हलली तरच पुढे जायचं.

नसांचं हे दुखणं, ज्याने तिची पाठ वाकली, तिला माझ्याकडून आलंय. शार्को-मारी-टूथ. नाव वाचून मी नवऱ्याला म्हटलं होतं, दाताची फाईलपण घेऊया का? बत्तीस वर्षं मी स्वतःला नुसती वेंधळी समजत होते. सपाट रस्त्यावर ठेचकाळायचे आणि चपलेला शिव्या द्यायचे. कार्मेनच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक एका बाजूला आखूड दिसला, तेव्हा तर खंडू टेलरशी भांडले. दोनदा उसवायला लावला. तिसऱ्यांदा तो हळूच म्हणाला, "ताई, फ्रॉक सरळ आहे. पोरीची पाठ दाखवा कुणाला तरी." मी तरातरा घरी आले. दाखवायला आणखी चार महिने लावले. हुशार ना मी.

"कार्मेन, बोटं हलव."

उजवी हलली. डावी उशिरा, जराशीच. मी झकास म्हटलं. तर म्हणे, आता तू करून दाखव. मीही तिच्या शेजारी पालथी झाले, ती उठून पायांशी बसली. मी जोर लावून बोटं हलवली.

"हलव ना, मम्मी."

"हलवली की गं."

"नाही हलली. मी बघतेय ना."

आम्ही दोघी हसलो. माझ्या पायाचा अंगठा तिने मुठीत धरून ठेवला होता.

"मम्मी, तिथे मलापण वाटलं हलवली, आणि हललीच नसली तर?"