फिरोजी खुर्ची आणि चारची बेल

मी एक जुनी हातांची खुर्ची आहे आणि सध्या माझा रंग फिरोजी आहे. त्यात माझा काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकते.

मित्रांनो, मला घडवणाऱ्या सुतारानं आजोबांना स्टुलावर बसवून गुडघ्यापासून जमिनीपर्यंत माप घेतलं होतं. तेव्हा ते आजोबा नव्हते, नुकती नोकरी लागलेले सडपातळ गृहस्थ होते. माझे पाय त्यांच्या मापाचे, हात त्यांच्या कोपरांच्या उंचीचे, बैठक घट्ट विणलेल्या वेताची. पुढची चाळीस वर्षं त्यांनी माझ्यावर बसून पेपर वाचले, मुलाचा अभ्यास घेतला, भाज्या निवडल्या. गुडघे दुखायला लागल्यावर ते सोफ्याकडे फिरकेनासे झाले. माझ्या हातांवर तळवे रोवायचे, एक हुंकार द्यायचा आणि उठायचं. आमचं छान चाललं होतं.

मग सूनबाईंनी फोनवर जुन्या सामानाला नवं रूप देण्याचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली.

सूनबाई वाईट नाहीत हो. जीव लावणाऱ्या आहेत, पण हाताला स्वस्थता म्हणून नाही. आधी चपलांचं कपाट पिवळं झालं. मग आरशाच्या चौकटीला शिंपले चिकटले. मग कचऱ्याच्या डब्यावर गुलाब फुलले. मी कोपऱ्यात अंग चोरून उभी होते, पण माझा नंबर लागायचा तो लागलाच.

तीन दिवस माझे हाल चालले होते. बुटक्या खुर्च्यांची फॅशन आहे म्हणून माझे पाय चार-चार बोटं कापले. वेत काढून वीतभर जाडीचा मऊ फोम घातला. अंगाला सगळीकडे ऑइलपेंटचे दोन हात दिले, हातांना तर तीन. वर पाठीवर सोनेरी फुलं. एवढ्या घासाघाशीनं बिचाऱ्या सूनबाईंच्या तळहाताला फोड आले, हेही खरं.

"बाबा, आवडली का?" सूनबाईंनी विचारलं.

आजोबा बसले आणि फोममध्ये खोल गेले. त्यांनी सुनेच्या हाताकडे बघितलं. "अगं, ओळखू येत नाही," ते म्हणाले. "छान झालीये."

तिथंच सगळं बिघडलं. कारण उठायची वेळ आली तेव्हा त्यांचे तळवे माझ्या गुळगुळीत हातांवरून सटकले. पुन्हा रेटा दिला, पुन्हा सटकले. मग त्यांनी मुलाला हाक मारली. "जरा हात दे रे, पायाला मुंग्या आल्यात."

त्या आठवड्यात त्यांच्या पायाला रोज मुंग्या येत होत्या आणि एकालाही संशय आला नाही. उठावं लागू नये म्हणून त्यांनी दुपारचा चहा सोडला, पाणी कमी केलं. आणि मुलगा बायकोला काय सांगतो? "तुझ्या खुर्चीनं कमाल केली. बाबा तिच्यावरून हलतच नाहीत." दोघं खूश. मला तोंड असतं तर त्या दोघांना चांगलंच सुनावलं असतं.

रोज चारच्या ठोक्याला घड्याळजी बुद्धिबळ खेळायला यायचे. आजोबांचे शाळेपासूनचे मित्र, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून हे नाव. त्या वेळी मुलगा-सून कामावर असतात. सोमवारी बेल वाजली. आजोबांनी जोर केला, घसरले. "थांब, आलो," ते ओरडले, पण घड्याळजींना दाराआडचं कुठलं ऐकू येणार? दोनदा बेल वाजवून ते गेले. मंगळवारी तेच. बुधवारी आजोबा कडेपर्यंत सरकले, अर्धे उठले आणि धपकन परत फोममध्ये बसले. तोवर जिन्यात पावलं उतरत होती. गुरुवारी बेल वाजलीच नाही. आजोबा पाच वाजेपर्यंत दाराकडे बघत बसले होते. त्यांचा चेहरा बघून मला स्वतःचीच चीड आली.

संध्याकाळी सूनबाई दुकानातून आल्या त्या चक्रावून. "बाबा, घड्याळजी भेटले होते. म्हणाले, त्याला आता माझा कंटाळा आला असेल, दार उघडत नाही. तुम्ही का नाही उघडलं?"

"डोळा लागला असेल."

"तीन दिवस? चारच्या ठोक्याला?" त्यांनी आतल्या खोलीतल्या फोनकडे बोट दाखवलं. "उठा बरं, आत्ता फोन करा त्यांना."

आजोबांनी माझ्या हातांवर तळवे टेकले. सटकले. पुन्हा टेकले. सूनबाई बघत होत्या. तिसऱ्यांदा तळवे सटकले तेव्हा त्या माझ्यासमोर खालीच बसल्या.

"कधीपासून, बाबा?"

"तू रंगवलीस तेव्हापासून," आजोबा म्हणाले. "पण छान झालीये गं."

सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं मन राखायला तुम्ही मित्र घालवायला निघाला होतात," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आजोबांना उठवलं, पलंगाच्या कडेवर बसवलं आणि पॉलिश पेपर काढला. माझे हात कोऱ्या लाकडापर्यंत घासले. फोम काढून फळी आणि पातळ गादी घातली. सुताराकडून पायांखाली ठोकळे मारून आणले. आणि सगळं सांगायला त्या स्वतः घड्याळजींच्या घरी गेल्या.

मित्रांनो, जुन्या सामानाला जरूर रंग द्या. आम्हालाही छान दिसायला आवडतं. पण त्याआधी आमच्यावर कोण विसंबून आहे ते बघा आणि त्याला नीट विचारा. त्यानं नुसतं 'छान' म्हटलं, तर पुन्हा विचारा. माझ्या पाठीवर सोनेरी फुलं अजून आहेत, त्याबद्दल मी बोलत नाही.

शनिवारी चारला बेल वाजली. आजोबांनी तळवे रोवले, हुंकार दिला आणि दार उघडलं. मग डाव मांडला. त्या एका डावात आजोबा सहा वेळा उठले. पाणी प्यायला, खिडकी लावायला, तीच खिडकी उघडायला. घड्याळजी वैतागून म्हणाले, "अरे, एका जागी बस की जरा." आजोबा हसले आणि उगाचच सातव्यांदा उठले.