डिकीतलं रबरी बूच

गाडीचा आवाज बंद झाला आणि त्याच आठवड्यात त्याच्या बायकोचं डोकं दुखायला लागलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, त्याच्या तर नाहीच नाही. डोकं कोणाचंही दुखतं. पण या घरात डोकेदुखीचं नाव हळू आवाजात घ्यायचं, असा न ठरवता पडलेला नियम होता. बायकोची आई मेंदूतल्या गाठीने गेली होती आणि तिचंही असंच सुरू झालं होतं. आधी डोकं, मग मळमळ, मग चालताना तोल जाणं. बायकोला पहिल्या दोन गोष्टी होऊन चुकल्या होत्या. तिसरीची दोघंही काही न बोलता वाट बघत होती.

त्याचं काम पाइपांना पांघरूण घालण्याचं. कारखान्यांत आणि इस्पितळांत वाफेचे पाइप फिरलेले असतात, त्यांना काचेची लोकर गुंडाळायची, वर पत्रा चढवायचा आणि तारेने आवळायचं. वीस वर्षं तो हेच करत आला होता. ज्याच्या हाताखाली शिकला तो उस्ताद सांगायचा की फट म्हणजे चोर, दिसली की पकडायची. त्यामुळे कुठेही फट दिसली की याचे हात शिवशिवायचे. घरातल्या दारांखाली, खिडक्यांच्या कडांना त्याने इतक्या पट्ट्या ठोकल्या होत्या की मुंगीला आत यायचं तर परवानगी काढावी लागली असती.

असा हा काटेकोर माणूस, पण हौस कोणाला सुटली आहे? आयुष्यातली पहिली नवी गाडी घेतली आणि महिनाभरात मावसभावाच्या नादी लागून कंपनीचा सायलेन्सर काढला, दुसरा बसवला. याचा आवाज असा की माणसं वळून बघतात, असं मावसभाऊ म्हणाला होता. माणसं खरंच वळून बघायला लागली, फक्त कौतुकाने नाही. समोरच्या घरातले आजोबा गाडी सुरू झाली की खिडकी धाडकन लावून घ्यायचे. सहा वर्षांची लेक, जिला घरात सगळे चिमणी म्हणत, ती झोपेतून दचकून उठायची. शेवटी बायको म्हणाली, पुरे झाली शोभा, जुना परत बसवा. तो लगेच हो म्हणाला, कारण तोपर्यंत त्याचीही हौस फिटली होती.

घोळ झाला तो इथे. जुना सायलेन्सर मावसभावाने भंगारात देऊन टाकला होता. कंपनीकडून नवा घ्यायचा तर सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन सगळं कबूल करावं लागणार, आणि तिथल्या निळ्या शर्टवाल्याने गाडीची चावी हातात देतानाच बजावलं होतं की कुठे कापलं, भोक पाडलं किंवा वेल्डिंग केलं तर वॉरंटी विसरायची. ते बोलताना तो हसत होता, पण त्यामुळेच तर याच्या मनात जास्त भीती बसली. वॉरंटी गेली हे बायकोला कळलं तर काय, या विचाराने त्याचे पाय सर्व्हिस सेंटरकडे वळेनात. मग त्याला सुचलं की आपण पाइपवाले, आपल्याला दुसऱ्याचं दार ठोठावायची गरजच काय.

एका रविवारी तो गाडीखाली शिरला. सायलेन्सरला लोकरीचे तीन थर गुंडाळले, वर पत्रा चढवला, आणि मागच्या तोंडात लोकर ठासून भरलेली जाळीची नळी बसवली, धूर जायला मधे करंगळीएवढी वाट ठेवून. काही कापलं नाही, काही जोडलं नाही, सगळं पट्ट्यांनी आवळलेलं, सर्व्हिसच्या आदल्या दिवशी अर्ध्या तासात सुटेल असं. एकच अडचण होती. एवढं वजन पेलायला वरून तार हवी आणि भोक पाडायचं नाही. पण डिकीत, जादा चाकाच्या खाली, कंपनीनेच ठेवलेलं एक भोक होतं, रबरी बूच लावलेलं. त्याने बूच उपटलं, भोकातून तार वर घेतली आणि चाकाच्या हुकाला बांधली. आयुष्यभर फटी बुजवलेल्या माणसाने ही एक फट आपल्या हाताने उघडली, आणि वॉरंटी वाचवली म्हणून स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली. बूच स्वयंपाकघरातल्या खणात ठेवून दिलं.

गाडी मांजराच्या पावलांनी चालायला लागली. जुना बसवला, असं त्याने बायकोला सांगितलं. तिने विश्वास ठेवला. न ठेवायला काही कारणच नव्हतं.

आवाज परत वाढतोय की काय या धास्तीने तो आपल्या बाजूची काच खाली करून, कान बाहेर ठेवून गाडी चालवायचा. बायको मागे बसायची, चिमणीजवळ, आणि चिमणीला वारा लागून सर्दी होते म्हणून मागच्या काचा बंद असायच्या.

गोळ्यांनी डोकं थांबेना तेव्हा मोठ्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. त्यांचं इस्पितळ गावाच्या दुसऱ्या टोकाला, गर्दीतून तासाभराची वाट. जाताना बायकोचा चेहरा पांढरा पडायचा, ती डोळे मिटून काचेला डोकं टेकवायची. तिथे पोचून बाकड्यावर तासभर बसली की हळूहळू बरं वाटायचं. ती कसनुसं हसून म्हणायची की डॉक्टरांच्या दाराशी आलं की दुखणं लपून बसतं, आता डॉक्टर मला खोटारडी म्हणतील. परतताना पुन्हा तेच, उलट जास्त. आईचा आजार ऐकल्यावर डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितलं. तारीख नऊ दिवसांनंतरची मिळाली.

त्या नऊ दिवसांत बायकोने जे सुरू केलं त्याने त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ती त्याला घर शिकवायला लागली. चिमणीच्या लशींची वही कुठे आहे, कुठल्या औषधाने तिला पुरळ येतं, शाळेच्या मोज्यांची जोडी कशी लावायची. रडणं नाही, कण्हणं नाही, नव्या माणसाला काम समजावून द्यावं तसं. सकाळी चिमणीला स्टुलावर बसवून ती त्याच्या हातात कंगवा द्यायची आणि म्हणायची, "तीन पेड करा. मधला घट्ट धरा." वाफेचा पाइप आवळणारे त्याचे हात सहा वर्षांच्या केसांत अडखळायचे. वेणी सुटायची. ती पुन्हा पहिल्यापासून दाखवायची.

एकदा खण दाखवताना तिच्या हाताला ते बूच लागलं. हे कशाचं म्हणून तिने विचारलं. "गाडीचं आहे, राहू दे," तो म्हणाला. तिने ते पुसून एका डबीत ठेवलं आणि हरवू नका म्हणून बजावलं.

रात्र रात्र तो तिचा श्वास मोजत पडायचा. इतकी भीती त्याने कधी अनुभवली नव्हती. कामावर एकदा शिडीवरून खाली बघताना त्याच्या मनात आलं की ती नसेल तर आपल्याला घरातलं मीठसुद्धा सापडणार नाही, आणि शिडी घट्ट धरून तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

एमआरआयला तीन दिवस राहिले असताना ते बायकोच्या बहिणीकडे निघाले. दुपारची वेळ, रस्ता तुंबलेला, गाडी इंचाइंचाने सरकत होती. मागून चिमणी म्हणाली, "बाबा, माझं पण डोकं दुखतंय." आई करते तसं करते झालं, असं त्याला वाटलं. मग ती ओकली.

त्याने गाडी एका बागेच्या कुंपणाशी घेतली आणि दोघींना बाहेर काढून बाकावर बसवलं. बायकोने लेकीला छातीशी धरलं होतं. तिच्याकडे बघवत नव्हतं. "आईकडून मला आलं," ती म्हणाली, "आता माझ्याकडून हिला." एवढे दिवस न रडलेली बाई तिथे बाकावर आवाज न करता रडायला लागली.

दोघी गेल्या तर, एवढा एकच विचार डोक्यात गरगरत होता. पाणी आणलं, तोंडं धुतली, आणि तो नुसता उभा राहिला. वीसेक मिनिटांनी चिमणीने मान वर केली. आणखी थोड्या वेळाने तिने झोपाळा कुठे आहे म्हणून विचारलं. बायकोच्याही गालांवर रंग आला होता. तो बघत राहिला. गाठ म्हणजे काही सर्दी नव्हे, आईकडून लेकीला एका दुपारी लागायला. आणि बाकावर बसलं म्हणून गाठ पळून जात नाही. त्याने मान वळवून गाडीकडे पाहिलं. मागच्या दोन्ही काचा बंद होत्या. त्याची एकट्याची उघडी होती.

तो डिकीकडे गेला, गालिचा उचलला, चाक बाजूला केलं. भोकाभोवती काजळीचं काळं कडं धरलं होतं, बशीएवढं. तरी त्याचं मन मानेना. कामावर फट शोधायची त्याची एक रीत होती, सुती दोरीचं टोक पेटवून विझवायचं आणि धूर कुठे जातो ते बघायचं. दोरी खिशात असायचीच. त्याने गाडी सुरू केली आणि धुमसती दोरी भोकाशी धरली. धूर खाली गेला नाही. सरळ वर आला, त्याच्या तोंडावर, आणि मागच्या सीटच्या फटीतून आत शिरला. ठासून भरलेल्या तोंडातून पुरेशी वाट न मिळालेला गाडीचा सगळा श्वास सायलेन्सरच्या मधल्या जोडातून फुटून वर येत होता, तीन आठवडे, त्याच्या बायकोच्या पाठीमागे.

त्याने गाडी बंद केली आणि डिकी लावली. गाठ नाही, हा आनंद क्षणभरच टिकला, कारण लगेच दुसरी भीती उभी राहिली आणि ती पहिलीपेक्षा लहान नव्हती. आता हे सांगायचं कसं? आणि न सांगितलं तर? कोणी पाहिलं नव्हतं. गाडी गुपचूप नीट करून आणायची, एमआरआय स्वच्छ येईल, बायको हात जोडेल, सगळे पेढे खातील. झाकली मूठ सव्वा लाखाची. गाडी बिघडली असं सांगून त्याने दोघींना टॅक्सीने घरी पाठवलं. टॅक्सीच्या मागच्या काचा मात्र त्याने स्वतः खाली केल्या.

सगळ्या काचा उघड्या टाकून तो सर्व्हिस सेंटरला पोचला. निळ्या शर्टवाल्याने गाडी वर उचलून खालून बॅटरी मारली. पत्र्याकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं. वॉरंटीचं बोलेल म्हणून हा अंग चोरून उभा होता. तो वॉरंटीचं काहीच बोलला नाही. बॅटरी विझवून त्याने एवढंच विचारलं, "मागे कोण बसायचं?"

"बायको," तो म्हणाला. "आणि मुलगी."

निळ्या शर्टवाल्याने गाडीची चावी आपल्या खिशात टाकली. मग हळू आवाजात म्हणाला की धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, त्यांना आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या आणि काय झालं ते खरं सांगा. गाडी इथेच राहू द्या.

घरी आला तेव्हा बायको फोनवर होती. चिमणीचाही एमआरआय करायचा, लहान मुलांना त्यासाठी भूल द्यावी लागते, तर त्याची तारीख कधी मिळेल, असं ती विचारत होती. भूल हा शब्द ऐकला आणि त्याची मूठ उघडली. खणातली डबी काढून त्याने बूच तिच्यासमोर ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सायलेन्सर, भंगार, लोकर, तार, भोक.

"किती दिवस?" शेवटी तिने विचारलं.

"एकवीस."

"जुना बसवला म्हणाला होतात."

"हो."

तिने फोन त्याच्या हातात दिला. "डॉक्टरांना सांगा. आत्ता मला सांगितलंत ना, अगदी तसंच."

इस्पितळात दोघींना नाकाला ऑक्सिजनचा मास्क लावून बसवलं, रक्त तपासलं. संध्याकाळी सोडलं. चिमणीला काही होणार नाही, वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. बायकोने आपली एमआरआयची तारीख मात्र सोडली नाही. आता गरज नाही, गाठ नाहीच, असं तो म्हणाला तेव्हा तिने शांतपणे सांगितलं की ते मला यंत्राकडून ऐकायचं आहे. बसने गेले. ती आणि चिमणी उघड्या खिडकीशी बसल्या. तिसऱ्या जागेवर तिने आपली पर्स ठेवली. तो दांडा धरून उभा राहिला.

रिपोर्ट स्वच्छ आला. गाठ नव्हती. त्याने तो दोनदा वाचला आणि हायसं वाटून भिंतीला टेकला. तिने घडी घालून पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची वेळ झाली. चिमणी स्टुलावर येऊन बसली. आता हे काम पुन्हा आईकडे गेलं असं समजून तो बाजूला झाला, तर बायकोने कंगवा त्याच्यापुढे धरला.

"सोडू नका," ती म्हणाली. "नीट शिकून घ्या."

ती मरणार नव्हती. मग आता कशाला शिकायचं, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. त्याने चिमणीचे केस हातात घेतले, तीन पेड केले आणि मधला घट्ट धरला.