तिसरी बाई

वऱ्हाडातल्या मालेगावात वाशीम रोडला सैफुद्दीनभाईंचं दुकान आहे. ते मोटारसायकलींच्या सीटा शिवतात. त्यांची थोरली लेक शाजिया बायकांना स्कूटी शिकवते. अंगणवाडीच्या बाया, नर्सा, झेडपीच्या मास्तरणी, सगळ्या तिच्या हाताखालून गेलेल्या. उरलेल्या वेळात ती मोटारसायकलींच्या एंड्युरो शर्यतीत उतरते. ही शर्यत सडकेवरची नव्हे. डोंगर, नाले, गोटे, चिखल असा दिवसभराचा फेरा असतो आणि ठरलेल्या चौकीवर ठरलेल्या वेळेलाच पोचावं लागतं. उशीर झाला तर दंड, लवकर पोचलं तरी दंड. मधले काही तुकडे मात्र जीव तोडून पळायचे. खरा निकाल तिथंच लागतो.

शाजियाचं लग्न झालं होतं आणि दोन वर्षांत मोडलं होतं. त्याचा गाडीशी काही संबंध नव्हता, पण लोकांनी तो जोडून दिला. तिने खुलासे करणं सोडून दिलं. आई सुगराबीने पहिल्या पहिल्यांदा पुष्कळ आदळआपट केली, मग तीही थकली. शर्यत असली की धाकटा भाऊ जुनैद पिकअपमध्ये गाडी चढवायचा आणि दोघं निघायची. अशी सहा-सात वर्षं गेली. पाच-सहा ठिकाणी तिचा नंबर आला. मालेगावात ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, कारण आजवर तिला पळताना तिथल्या कुणी पाहिलंच नव्हतं.

म्हणून केनवडच्या डोंगरात शर्यत होणार असं कळलं तेव्हा तिला आनंद झाला. भरवणारा मदनसिंग वाशीमचाच, ओळखीतला. पण आठ दिवसांनी त्याचाच फोन आला. बायकांच्या गटात नाव देणाऱ्या दोघीच होत्या, ती आणि नाशिकची एक पोरगी. नियमाप्रमाणे तीन जणी सुटल्या तरच गट धरतात, नाहीतर रद्द. हवं तर पुरुषांच्या गटात पळ, तो म्हणाला. पुरुषांच्या गटात ती आधी पळाली होती. तिथे तिचा विसावा-बाविसावा नंबर यायचा आणि लोक कौतुकाने टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या तिला नको होत्या.

तिने चार-सहा जणींना फोन केले. एकीची परीक्षा होती, एक बाळंतीण होती, एकीच्या घरच्यांनी परस्पर नाही सांगितलं. मग तिला आसेगावची वर्षाराणी आठवली.

वर्षाराणीला तिने पाहिलं होतं ते पावसाळ्यात, आसेगावच्या अलीकडच्या पांदणीत. काळ्या मातीचा गुडघाभर चिखल होता. पुरुष गाड्या ढकलत होते, आणि ही दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅना बांधून, लुगड्याचा काष्टा मारून, जुन्या मोटारसायकलवर बसल्या बसल्या निघून गेली होती. चिखलात ज्याने गाडी हमखास घसरते, तो पुढचा ब्रेक तिने एकदाही धरला नव्हता. शाजियाने तेव्हा फक्त एवढंच पाहून ठेवलं होतं.

ती आसेगावला गेली. वर्षाराणीचा नवरा गोलू घरी होता आणि सासरे रामराव ओसरीत तुरीच्या शेंगा निवडत होते. शाजियाने सगळं सांगितलं. गाडी माझी, कपडे माझे, हेल्मेट माझं. हिने फक्त सुटायचं, मग हळूहळू यायचं. गोलूने बापाकडे पाहिलं. रामरावांनी हातातली शेंग फोडली.

"पडली त?" त्यांनी विचारलं.

"पडन, काका. सगळेच पडतात."

म्हाताऱ्याला हे उत्तर पटलेलं दिसलं. खोटं बोलली असती तर कदाचित नाही म्हणाला असता. तो म्हणाला, दूध डेअरीत पोचवून जे करायचं ते करा.

वर्षाराणी इतका वेळ चौकटीत उभी होती. शाजिया निघाली तेव्हा ती मागोमाग गाडीपाशी आली आणि म्हणाली, "ताई, तुमी म्हनलं हळू ये. नाई पोचली त?"

"तरी चालते. गट धरतात. आपलं काम झालं."

"नाई पोचली तरी कसं चालते?" वर्षाराणी म्हणाली. शाजियाने ते फारसं मनावर घेतलं नाही.

तीन आठवडे त्या दोघी केनवडच्या डोंगराखालच्या बरडावर आणि नाल्यात सराव करत होत्या. शाजियाची जुनी गाडी वर्षाराणीने घेतली. तिला चिखल येत होता, घसरण येत होती, गाडी आडवी झाली तर एकटीने उचलता येत होती. येत नव्हतं ते उभं राहणं. कॅना असल्यामुळे तिला बसूनच चालवायची सवय. एंड्युरोत सीट सोडून पायदानांवर उभं राहून गाडी खालून नाचू द्यावी लागते. शाजिया ओरडायची, ऊठ, ऊठ, आणि वर्षाराणी धाप्पकन पुन्हा बसायची. दुसरी खोड चाकाकडे पाहायची. चाकापुढचा गोटा पाहिला की गाडी त्याच गोट्यावर जाते, हे शाजियाने तिला दिवसातून दहा वेळा सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी वर्षाराणी उठून उभी राहिली आणि उभीच राहिली. पार खालच्या पाझर तलावापर्यंत गेली आणि परत आली. हेल्मेट काढलं तेव्हा चेहरा घामाने निथळत होता. ती गाडी वळवून पुन्हा गेली. जुनैद म्हणाला, आपा, ही शिकली. शाजिया म्हणाली, हो, दिसतंय.

शर्यतीच्या दिवशी केनवडच्या बाजारापेक्षा जास्त गर्दी डोंगराच्या पायथ्याला झाली. रामराव आणि गोलू ट्रॅक्टरवर बसून आले. मालेगावची अर्धी आळी आली. सैफुद्दीनभाईंनी दुकान बंद ठेवलं होतं, हे पहिल्यांदाच. सुटण्याआधी मदनसिंगने सगळ्यांना गोळा करून नियम सांगितले. वाटेत कुणी पडलेलं दिसलं आणि त्याने अंगठा वर केला, तर थांबायचं नाही, पुढच्या चौकीवर सांगायचं. अंगठा वर आला नाही, तर थांबायचं. वर्षाराणीने ते दोनदा विचारून घेतलं.

एकेका मिनिटाने गाड्या सुटल्या. आधी नाशिकची, मग शाजिया, मग वर्षाराणी. तिसरी बाई सुटली तेव्हा गट कायम झाला, आणि शाजियाच्या दृष्टीने वर्षाराणीचं काम तिथेच संपलं. यानंतर तिने तिचा विचार केला नाही.

पहिला पळायचा तुकडा शाजियाने चांगला मारला. दुसऱ्यात तिला पुढे नाशिकच्या पोरीचा धुरळा दिसायला लागला. एका मिनिटाच्या अंतरातलं पुष्कळसं तिने खाल्लं होतं, म्हणजे वेळेच्या हिशेबात ती पुढे होती. एवढ्यावर तिने समाधान मानायला हवं होतं. पण घरची माणसं खाली उभी होती, आणि त्यांना वेळेचा हिशेब कळत नव्हता. आधी कोण येतं एवढंच कळत होतं. नाल्याच्या उतारावर तिने ब्रेक सोडला. तीन आठवडे ती याच दगडांवरून गेली होती. पण पुढच्या गाड्यांनी दगड हलले होते. एक गोटा चाकाखाली फिरला आणि ती डाव्या खांद्यावर आपटली. गाडी घाणेरीच्या झुडपात गेली आणि बंद पडली.

गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज तिने ऐकला. दुसऱ्याच्या अंगातून यावा तसा तो वाटला. डोकं ठीक होतं. पाय हलत होते. आता उठता येणार नाही, हे तिला लगेच कळलं, आणि शर्यत संपली हेही. ती दगडाला टेकून बसली.

थोड्या वेळाने वर्षाराणी आली. उतारावर ती पायदानांवर उभी होती, नजर लांब होती, गाडी खालून मोकळी नाचत होती. शाजियाला पाहून तिने गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं.

शाजियाने उजव्या हाताचा अंगठा वर केला.

"हात हालते काय?"

"बोटं हालतात. जा तू."

वर्षाराणीने तिच्याकडे पाहिलं. हेल्मेटमधून फक्त डोळे दिसत होते. "मंग जातो," ती म्हणाली आणि गेली.

शाजिया बसून राहिली. नियमाप्रमाणे सगळं बरोबर झालं होतं. पण वर्षाराणी समोरच्या चढावर दिसेनाशी झाली तेव्हा शाजियाच्या लक्षात आलं की आपण तिच्या परत येण्याची वाट पाहतो आहोत. जा म्हटलं ते खरं होतं, आणि ती जाणार नाही असं धरून चाललो होतो हेही खरं होतं. खांदा आता दुखायला लागला होता. चौकीवरची माणसं झोळी घेऊन आली तेव्हा ती त्यांना नीट उत्तरं देत होती. कुणी सांगितलं, असं तिने विचारलं. त्या तिसऱ्या बाईनं, ते म्हणाले, गाडी न थांबवताच ओरडून गेली.

नाशिकची पहिली आली. वर्षाराणी पुष्कळ मागून, पण वेळेत पोचली, म्हणजे दुसरी. गोलूने तिला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि ती त्याच्यावर डाफरली, असं नंतर कळलं. शाजिया तेव्हा वाशीमच्या दवाखान्यात होती. सैफुद्दीनभाई खाटेशी बसून होते. जुनैद मात्र घुश्शात येरझारा घालत होता. गाडी आपली, हेल्मेट आपलं, शिकवलं आपण, आणि ती बाई तुला दगडात टाकून गेली, असं तो पुनःपुन्हा म्हणत होता. शाजियाने त्याला थांबवलं नाही. त्याने बोलावं असंच तिला वाटत होतं.

वर्षाराणीचे फोन आले ते तिने उचलले नाहीत.

दोन आठवड्यांनी वर्षाराणी स्वतःच मालेगावला आली, तीच गाडी चालवत. गाडी धुऊन पुसून लखलखीत केली होती. मागे गोलू दुसऱ्या गाडीवर होता. सुगराबीने तिला आत बोलावलं, पाणी दिलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. शाजियाचा हात गळ्यात बांधलेला होता. वर्षाराणी खाली सतरंजीवर बसली. घरात काय कसं चाललंय ते बोलून झालं, दुधाचं बोलून झालं.

"ताई, तुमाले राग आला काय माह्या?"

"आला."

"तुमीच म्हनलं होतं, जा."

"म्हनलं होतं. थांबली असती त मी तुले शिव्या देल्या असत्या. गेली त राग आला. आता सांग."

वर्षाराणी सतरंजीचा दोरा ओढत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "खरं सांगू काय? मले थांबावंच वाटलं नाई. तुमी पडलेल्या दिसल्या, अन् पयला इचार आला, आता मी पुढे झाली. मंग लाज वाटली. मंग पुढे गोटे आले, अन् लाज बी इसरली."

दुसऱ्या कुणाला असं सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. पण शाजियाला स्वतःला हे माहीत होतं. सहा-सात वर्षांत कितीदा तरी पडलेल्या माणसाजवळून जाताना तिने आधी अंगठा पाहिला होता आणि लगेच स्वतःचा नंबर मोजला होता. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, अब्बांनाही नाही, जुनैदलाही नाही. आणि ही बाई पहिल्याच शर्यतीनंतर सतरंजीवर बसून ते सांगत होती. तिचा राग गेला नाही, पण तो आता वर्षाराणीवर नव्हता.

"उतारावर चांगली आली तू," ती म्हणाली. "चढावर पयला गिअर कायले टाकला? दुसऱ्यात राह्यचं होतं."

"बंद पडते वाटलं."

"नाई पडत."

मग त्या तासभर चढाबद्दलच बोलल्या. सुगराबीने दोघींना जेवायला वाढलं. जुनैद दुकानातून आला, वर्षाराणीला पाहून दारातच थबकला, आणि मग तिच्या गाडीची चेन पाहायला लागला. चेन ढिली होती. त्याने ती आवळून दिली. परत द्यायला आणलेली गाडी वर्षाराणी तशीच पुन्हा घेऊन गेली.

हाड जुळलं, पण जरा वाकडं जुळलं. गळ्याखाली बोटाएवढा उंचवटा राहिला. शाजिया उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा गाडीवर बसली. सकाळचा सराव पुन्हा सुरू झाला. वर्षाराणी आता आधीसारखी ऐकून घेत नव्हती, वाद घालत होती, आणि कधीकधी तिचं बरोबर निघत होतं.

पुढची शर्यत अमरावतीकडे होती. बायकांच्या गटात यावेळी पाच जणी होत्या. शाजियाचा दुसरा नंबर आला. वर्षाराणीच्या गाडीचा क्लच जळला, ती गाडी ढकलत ढकलत शेवटच्या चौकीपर्यंत आली आणि वेळ संपल्यामुळे बाद झाली. संध्याकाळभर ती एकटीच क्लच खोलत बसली. शाजियाने तिला तसंच राहू दिलं.

रामराव मात्र यावेळीही आले होते, पिकअपमध्ये पुढे बसून. परत येताना सगळे एका ठेल्यावर चहाला थांबले. म्हातारा शाजियाजवळ येऊन बसला. बराच वेळ त्याच्या मनात काहीतरी असावं.

"पोरी, याच्यात नंबर आला म्हंजे नोकरी लागते काय?"

"नाई, काका."

"मंग? सरकार काई देते?"

"काई नाई."

रामरावांनी चहा बशीत ओतला. "हाडं मोडतात, गाडी जयते. मंग कायले करता तुमी दोघी हे?"

शाजियाने मागे पाहिलं. वर्षाराणी पिकअपच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसली होती, हातात जळका क्लच, त्याच्या काळ्या चकत्या एकेक करून पाहत होती.

"माहीत नाई, काका," शाजिया म्हणाली.

"बरं," रामराव म्हणाले आणि चहा प्यायले.