गुरुवारचा फोन

ताई शुक्रवारी गेली आणि मंगळवारी मी समितीच्या बैठकीला गेले. का गेले ते विचारू नका. मंगळवारी चष्म्याच्या दुकानातून दुपारीच सुटायचं आणि इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर जायचं, ही पायाखालची वाट झाली होती. पाय निघाले, त्यांच्यामागून मी.

समिती म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. माझ्या थोरल्या बहिणीसारखी फुप्फुसं निकामी होत चाललेल्या माणसांवर तिथे संशोधन चालतं. ते कसं करावं हे घरच्या माणसांनाही विचारायचं, असं वरून ठरलंय, म्हणून आम्हाला बोलावतात. एक लांब टेबल, न उघडणारी खिडकी आणि गार झालेला चहा. डॉक्टरीणबाई मनाने चांगल्या आहेत. समोर मुद्दाकाका बसतात. त्यांच्या बायकोला हाच आजार आहे. ‘माझा एक मुद्दा आहे’ म्हटल्याशिवाय हा माणूस पाणीसुद्धा मागत नाही. टोकाला लॅपटॉप घेऊन नोंदी करणारी मुलगी.

ही मुलगी दर गुरुवारी आमच्या घरी फोन करायची. झोप लागली का, जिना चढवला का, ऑक्सिजनची नळी किती वेळ लावली, असं ताईला विचारायची. शेवटचा प्रश्न घरच्या माणसासाठी असायचा, म्हणून ताई फोन माझ्या हातात द्यायची. “आणि मावशी, तुम्ही कशा आहात?” मी म्हणायची, “मला काय धाड भरलीय?” आणि मग गुडघ्यापासून सुरुवात करून दुकानाच्या मालकापर्यंत सगळं सांगायची. ताई कुरकुरायची, “आजारी मी, आणि फोन लांबतो तुझा!” खरंच होतं ते. बाकी सगळे मला ताईचं विचारायचे. माझं विचारणारी ती एकटीच.

शुक्रवारनंतर शेजारीपाजारी आले, बसले, गेले. ऑक्सिजनच्या मशीनचा माणूस येऊन मशीन घेऊन गेला. मला रडू आलं नाही. दात काढताना इंजेक्शन दिलं की गाल चावला तरी कळत नाही, तसं काहीतरी झालं होतं. समितीत मी कुणालाच काही सांगितलं नाही. लपवायचं नव्हतं. सांगायला तोंडच उघडत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी त्या दिवसाचा विषय सांगितला. रुग्ण गेल्यावर शेवटच्या दिवसांबद्दल घरच्यांशी बोलायचं असतं. मग त्यांना फोन कधी करावा?

“माझा एक मुद्दा आहे,” मुद्दाकाका म्हणाले. “घरात माणूस गेलंय आणि तुम्ही प्रश्न विचारणार? तीन महिने त्या घराकडे फिरकायचं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं.”

“तुम्हाला काय वाटतं?” डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या.

“दुसऱ्या दिवशी करा,” मी म्हणाले.

मुद्दाकाकांनी कपाळाला हात लावला. “अहो बाई, काहीतरीच काय! दुसऱ्या दिवशी कोण बोलणार?”

“मी बोलले असते. ताई शुक्रवारी गेली.”

मग एकदम सगळे उठले. डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरला, मुलीने पाणी आणलं, मुद्दाकाकांनी चष्मा काढून डोळे पुसले. चष्म्याची एक काडी वाकलेली आहे, एवढंच माझ्या मनात आलं.

“आणि तुम्ही इथे आलात!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आम्ही किती दगड आहोत! तुमच्यासमोर हा विषय काढला. काका म्हणतात तेच बरोबर. तीन महिने. लिही गं.”

“पण मी दुसऱ्या दिवशी म्हणाले होते.”

“दुःखात माणूस काहीही बोलतं, बाई,” मुद्दाकाका हळूच म्हणाले. आजवर त्यांचा एवढा मऊ आवाज मी ऐकला नव्हता. “तुम्ही काही मनावर घेऊ नका.”

सगळ्यांनी माना हलवल्या. तीन महिने मंजूर झाले, तेही माझ्यावरच्या मायेपोटी. मला राग यायला हवा होता. बैठकीत मुद्दाकाकांना मी एरवी सोडलं नसतं. पण राग आला नाही. काहीच आलं नाही.

मुलगी मला सोडायला लिफ्टपर्यंत आली. लॅपटॉप तिच्या हातात उघडाच होता आणि तिचे डोळे लाल झाले होते.

“मावशी, गुरुवारच्या फोनची काळजी करू नका. यादीतून तुमचं घर मी आत्ताच काढते. कुणीसुद्धा तुम्हाला त्रास देणार नाही.”

‘नको काढूस’ एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. ओठापर्यंत आलेही असतील.

डोळ्यांतल्या पाण्यामुळे तिला पडद्यावरची ओळ सापडत नव्हती. तिचं बोट वरखाली फिरत राहिलं. चुकून दुसऱ्याच कुणाचं घर जायला नको, म्हणून मीच वाकून तिला आमची ओळ दाखवली.