समोर बसणाऱ्याची खुर्ची

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. मित्रांनो, माझा जन्म जामुल गावच्या एका सुताराच्या अंगणात झाला. माझ्या वेताच्या विणीचे तेव्हा फार कौतुक होई. पुढे कारखान्याच्या एका क्वार्टरमध्ये मी बरीच वर्षे मानाने राहिले. मग तिथे सोफा आला आणि मी व्हरांड्यात ओल्या छत्र्या सांभाळू लागले. शेवटी हुडको वसाहतीतल्या व्यसनमुक्ती केंद्राने मला आणले आणि माझा वेत नव्याने विणून घेतला. आता दारूपायी इथे आलेली माणसे माझ्यावर बसतात.

संघमित्रा इथे समुपदेशन शिकायला आली. तिच्यापुढे पहिले बसले ते आनंदराव. लेकीने त्यांना हाताला धरून आणले होते. किती पिता, कधीपासून पिता, घरच्यांचा विचार का करत नाही, असे संघमित्रा विचारतच राहिली. आनंदराव प्रत्येक वेळी मान हलवत "हो मॅडम" म्हणाले. ते गेले ते पुन्हा आले नाहीत. लेक मात्र एकदा त्यांची पुढच्या भेटीची चिठ्ठी परत करायला आली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

तिला शिकवणाऱ्या बेबीताई संघमित्रावर रागावल्या नाहीत. त्यांनी तिलाच माझ्यावर बसवले आणि तिच्याच सुरात तिच्या चहाची चौकशी केली.

"दोनच कप घेते," संघमित्रा म्हणाली.

"दोनच? थर्मास तं तूच खाली करते, पोरी."

दोघी हसल्या.  पण अशा चौकशीपुढे साध्या चहासाठीही आपण खोटे बोललो, हे संघमित्राला उमगले.

काही दिवसांनी कारखान्यातल्या भट्टीवर काम करणारे चंपत आले. बायकोने पाठवले म्हणून आलेले. माझ्या काठावर जेमतेम टेकले. हेही निघून गेले तर, या धास्तीने संघमित्रा ओढणीशी चाळा करत होती. तिने केंद्रात बोलायची हिंदी सोडून घरच्या बोलीत विचारले, "पेल्यावर बरं काय वाटते तुमाले?"

चंपत तिच्याकडे बघतच राहिले.

"झोप लागते, बाई. नाईट करून आलो का डोळेच लागत नाही. सारे म्हणतेत, सोड. कावून पेतो, थे कोणी नाही पुसलं."

का पितो हे ऐकूनही संघमित्राने उपदेश केला नाही. झोपेबद्दलच बोलत राहिली. चंपत हळूहळू माझ्या पाठीला टेकले.

पुढच्या आठवड्यात ते एकटेच दारात उभे होते.

"काल पेलो, बाई. तरी आलो."

"बरं केलं. बसा."

मित्रांनो, माझ्या वेतावर पाणी सांडू नका, एवढे तर सांगतेच. पण तुमच्या घरातही कुणी असे काठावर टेकलेले असेल, तर त्याला नीट बसू द्या. मग विचारा.