अठ्ठावन्न सेंटिमीटर

“आता तुम्ही या पुढं. हो हो, तुम्हीच. लाजू नका, फक्त पोट आत घ्या.”

हाबो उकेनानं घोळक्यातला सगळ्यांत जाड पाहुणा हेरला होता. पर्यटकांना गाव दाखवायच्या बावीस वर्षांत या बाबतीत त्याची नजर चुकली नव्हती. जाड माणसाला पुढं बोलावलं की त्याची बायको सगळ्यांत आधी हसते, हाही अनुभव पक्का होता. तशी ती हसली. पाहुणा बंदरासमोरच्या त्या अरुंद घराच्या उंबऱ्यात उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात चौकटीला टेकवले. कोपरं सरळसुद्धा झाली नाहीत. मोबाइल वर झाले.

“सोळाशे सत्त्याऐंशी सालचं दार. रुंदी अठ्ठावन्न सेंटिमीटर,” हाबो म्हणाला. अंगात निळा लांब कोट, डोक्यावर जुन्या जकात अंमलदाराची टोपी. “तेव्हा आमच्या गावात दाराच्या रुंदीवर कर होता. म्हणून लोक बारीक राहायचे.”

कराची गोष्ट खरी की आपणच कधी रचलेली, हे आता त्यालाही आठवत नव्हतं.

“आणि तेव्हापासून या चौकटीला कुणी हात लावलेला नाही!”

“आत कुणी राहतं का हो?” एका बाईनं पडद्याच्या फटीतून डोकावत विचारलं.

“एक म्हातारा राहतो. चावत नाही.”

घोळका हसला आणि हाबोच्या मागून जुन्या वजनकाट्याकडे निघाला. चावत नसलेला म्हातारा म्हणजे तो स्वतःच, हे त्यानं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर लोक चहा मागतील, असं थेडा म्हणायची.

थेडा म्हणजे त्याची बायको. मार्चमध्ये तिला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. पण तिखटपणा शाबूत राहिला, असं हाबो दवाखान्यातल्या नर्सना सांगायचा आणि त्यांना ते आधीच कळलेलं असायचं. तीन महिन्यांनी दवाखान्यातून एक बाई टेप घेऊन घर बघायला आली. तिनं दार दोनदा मोजलं. चाकाची खुर्ची सहासष्ट सेंटिमीटर. मागं दार नाही, मागची भिंत थेट समुद्राच्या बांधाला टेकलेली.

“मी उचलून आत नेईन,” एकाहत्तर वर्षांचा, एका खुब्यानं लंगडणारा हाबो म्हणाला.

“आणि बाहेर कोण आणेल? रोज? आग लागली तर?” बाईनं टेप गुंडाळली. “चौकट रुंद करायची परवानगी आणा. पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवा. नाहीतर किनाऱ्यापासून आत, शेतांच्या बाजूच्या वृद्धाश्रमात एक खोली आहे, ती मला घ्यावी लागेल.”

जुन्या वास्तूंच्या कचेरीचं उत्तर लवकर आलं. एका पानावर नकार. सोबत जोडलेलं दुसरं पान हाबोनं अक्षरावरूनच ओळखलं. नऊ वर्षांपूर्वी, गावाच्या वारसा मंडळाचा अध्यक्ष असताना, त्यानंच ते लिहिलं होतं: ‘दार हा घराचा चेहरा असतो. एका माणसाच्या सोयीसाठी गावाचा चेहरा कापता येत नाही.’ हे वाक्य त्याला इतकं आवडलं होतं, की काही दिवस तो ते पर्यटकांच्या फेरीतही म्हणायचा.

तेव्हा अर्ज होता शेजारच्या फ्राउकेचा. तिच्या आईची खुर्चीही अशीच दारात अडली होती. आई शेतांच्या बाजूला गेली आणि दुसऱ्या हिवाळ्यात परत आली, ती चर्चमागच्या दफनभूमीत.

कचेरीतला माणूस फोनवर म्हणाला, “मंडळानं नवं मत दिलं तर फेरविचार होईल.” आणि मंडळाची अध्यक्ष आता फ्राउके होती.

“मॉइन, फ्राउके,” तिच्या दारात उभं राहून हाबोनं गावच्या बोलीत नमस्कार केला.

“मॉइन, अंमलदारसाहेब. टोपी काढून या, दाराला लागेल.”

तिनं चहा मांडला. कपात खडीसाखर, वर गरम चहा, साखर तडकल्याचा आवाज, मग कडेनं सोडलेली साय. ढवळायचं नाही. कुणाकडेही गेलं तरी तीन कप हा पाहुण्याचा हक्क. पुरे झालं की पाहुण्यानं चमचा कपात ठेवायचा. हाबोनं पहिला कप संपेपर्यंत हवापाण्याचं काढलं. मग कागद पुढं केला.

“वाचलंय मी हे,” फ्राउके म्हणाली. “पाठ आहे म्हणा ना. आई विचारायची, चेहरा कुणाचा म्हणाला गं तो?”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती.”

“काय वेगळं होतं? दार माझं होतं, एवढंच ना?”

हाबो खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर कोळंबीची होडी धक्क्याला लागत होती.

“मी सही करीन,” ती म्हणाली. “थेडासाठी करीन. तुमच्यासाठी मेले तरी करणार नाही. पण आधी तुम्ही एक ओळ लिहून द्या, की ते पत्र चूक होतं. नाहीतर कचेरी मलाच विचारेल, आज एक आणि उद्या दुसरं, हे मंडळ आहे की बाजार?”

“लिहितो की.”

“लिहा.”

“घरी जाऊन... नीट लिहितो.”

फ्राउकेनं त्याच्याकडे पाहिलं. मग हात लांबवून तिनं स्वतःच त्याचा चमचा उचलला आणि त्याच्या रिकाम्या कपात ठेवला. पहिल्याच कपाला. एकाहत्तर वर्षांत हाबोच्या कपात दुसऱ्या कुणी चमचा ठेवला नव्हता.

घरी त्यानं कागद घेतला. ‘त्या वेळी ते मत योग्यच होतं, पण’ इथपर्यंत लेखणी झरझर आली. ‘पण’नंतर हलेना. खोडलं, नवा कागद घेतला. ‘त्या वेळच्या परिस्थितीत’ असं सुरू केलं आणि पुन्हा त्याच ‘पण’पाशी येऊन थांबला. पर्यटकांच्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर असलेला माणूस चार दिवस एका ओळीशी झटत बसला. शुक्रवार आला. बाईचा फोन वाजला. “खोली घेते मग,” ती म्हणाली. हाबो “हं” म्हणाला.

रविवारी दवाखान्याच्या गाडीनं थेडाला दिवसभरासाठी गावात आणलं. सोमवारी तिला शेतांच्या बाजूला हलवणार होते. चालकानं तिला धक्क्यावर, घरासमोरच सोडलं. पर्यटकांची फेरी नेमकी तिथंच आली होती. हाबोचं वाक्य अर्ध्यात तुटलं.

“थांबू नकोस,” थेडा जड जिभेनं म्हणाली. “बावीस वर्षं... कोट इस्त्री केला. फेरी कधी... ऐकली नाही. ऐकू दे.”

त्यानं सांगितलं. साल, रुंदी, कर. लोक हसले. ‘कुणी हात लावलेला नाही’ हेही तोंडातून सवयीनं निघून गेलं.

खुर्चीतली बाई पर्यटकासारखी मान वर करून दाराकडे बघत होती. तिनं चांगला हात वर केला.

“प्रश्न आहे. आत... कोण राहतं?”

“एक म्हातारा,” हाबो म्हणाला. पुढचं चावण्याचं त्याला म्हणता आलं नाही.

“एकटाच?”

“...सध्या.”

“दार रुंद करू द्या, असं... कुणी कधी मागितलं नाही?”

घोळक्याला वाटलं, हाही फेरीचाच भाग. ते उत्सुकतेनं हाबोकडे बघू लागले. शेजारच्या खिडकीतला पडदा किंचित हलला.

“मागितलं होतं,” हाबो म्हणाला. टोपी त्याच्या हातात आली होती. “शेजारच्या मुलीनं. तिच्या आईसाठी. मी नाही म्हटलं.”

“का?”

हाबोनं फ्राउकेच्या खिडकीकडे पाहिलं.

“चुकलं,” तो म्हणाला. इतक्या हळू, की मागच्या रांगेतल्या माणसानं शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणाला?

थेडानं मान हलवली. मग खुर्ची पुढं घ्यायची खूण केली. हाबोनं ती ढकलली. दोन्ही चाकं चौकटीच्या दगडाला टेकली आणि थांबली. थेडानं उजवा हात लांबवून चौकटीवर ठेवला, जसा सगळे पाहुणे ठेवतात. डावा मांडीवरच पडून होता. हाबो वाकला. त्यानं तो हात उचलला, बोटं एकेक करून सरळ केली आणि दुसऱ्या बाजूच्या दगडावर टेकवून धरून ठेवला.

“मस्त!” कुणीतरी म्हणालं. मोबाइल वर झाले.

थेडा आतल्या अंधाऱ्या बोळाकडे बघत होती. खुंटीवर तिचा रेनकोट मार्चपासून तसाच लटकत होता.